बेगमी कुणाची?

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेला मी श्रोती म्हणून गेले होते. विषय होता, ‘तयार मसाले आणि आजची गृहिणी’. पहिले बक्षीस मिळवणाऱ्या वक्त्याचे भाषण फार सुरेख झाले. आजीच्या काळी चैत्र-वैशाखात अंगणोअंगणी मिरच्या वाळत, उखळात मुसळ वाजे, बरण्यांची तोंडे पांढऱ्या फडक्याने बांधली जात. आणि आजची गृहिणी मात्र दुकानातले पाकीट फोडून मोकळी होते, कारण तिला कष्ट नकोत, असे त्याचे म्हणणे होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. परतताना एस. टी. त बसल्यावर मला आमच्या फडताळातली दहा-दहा रुपयांची पाकिटे आठवली आणि त्यापाठोपाठ आई आठवली. माझी आई पाकीट फोडते, हे खरे आहे. पण तिला कष्ट नकोत असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बारावीची परीक्षा झाल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात मिरची कांडपाच्या गिरणीवर वही लिहिते. कुणाचा माल किती किलो, मिरची कोणती, मजुरी किती झाली, हे टिपायचे आणि डब्यांवर नावे घालायची. घरात पहिली शिकलेली म्हणून हे काम माझ्याकडे आले. आई त्याच गिरणीच्या ओट्यावर गिऱ्हाइकांच्या मिरच्यांचे देठ खुडते. किलोमागे पैसे मिळतात. संध्याकाळी तिची बोटे अशी पेटलेली असतात की खोबरेल चोळल्याशिवाय ती भाकरीच्या पिठाला हात लावीत नाही.

उत्तम जिन्नस म्हणजे काय, हे मी पुस्तकातून नव्हे तर त्या ओट्यावर शिकले. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची मिरची सुरकुतलेली, गडद लाल; तिखट कमी आणि रंग भरपूर. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. संकेश्वरी लांब आणि बारीक. तिचे सौदे आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात निघतात आणि तिचा भाव ऐकूनच पुष्कळजण पुढच्या ढिगाकडे वळतात. लवंगी लहानशी, पण घरभर ठसका लावणारी. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला लवंगी हा ढोबळ हिशेब झाला. प्रमाण मात्र ज्या-त्या घरचे निराळे आणि ते सहसा कुणी कुणाला सांगत नाही. एक आजी दरसाल येतात. त्या धणे तळहातावर चुरडून हुंगतात, खोबऱ्याची वाटी फोडून आतून खवट नाही ना ते पाहतात, हळकुंड मोडताना त्याचा ‘कट्’ असा आवाज कानाशी नेऊन ऐकतात. दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल हे सारे वेगवेगळे, आपापल्या मानाने तेलात परतून आणलेले असते. एकदम परतले तर दालचिनी भाजेपर्यंत खसखस करपते. कांडून झालेला मसाला गरम असताना त्या डबा बंद करू देत नाहीत. आत वाफ धरते म्हणतात. निवाल्यावर वर हिंगाचे खडे ठेवून झाकण लावतात. बाजारात पिवळ्याधमक गुळाच्या ढेपेकडे गिऱ्हाईक धावते, तेव्हा या आजी तांबूस ढेप निवडतात. रस निवळायला भेंडीचा चिकट रस वापरलेला गूळ आणि पावडर टाकून गोरा केलेला गूळ यांतला फरक त्यांना जिभेवर कळतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली मानांकन मिळाल्याचे त्यांच्या कानावर आहे की नाही, कोण जाणे.

ही विद्या मोठी आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण दोन उन्हाळे वही लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दहा-दहा किलो माल घेऊन येणारी घरे कोणती आणि वहीत कधीच न येणारी घरे कोणती, हे मला आता न बघता सांगता येईल. ज्यांच्याकडे नोकरीचा पगार किंवा कारखान्याचे ऊसबिल आहे, त्यांची नावे वहीत आहेत. आमच्या आळीतल्या मजुरी करणाऱ्या बायका ओट्यावर आहेत, वहीत नाहीत. त्यांना या आजींइतके कळत नाही असे नव्हे. खुडताना फटकी मिरची त्या नजरेने नव्हे, बोटाने ओळखतात.

मग अडते कुठे? माझ्या मते अडते ते महिन्यात. मिरची हिवाळ्याच्या अखेरीपासून बाजारात भरते आणि तिला कडक ऊन मिळते चैत्र-वैशाखात. पुढे मृगापासून आमच्याकडे पाऊस धरला की महिना-महिना सूर्य नीट दिसत नाही. म्हणजे बेगमी करायची ती याच दोन महिन्यांत. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत मजुराचा हात रिकामा असतो. ऊसतोड संपलेली, पेरणी अजून लांब. रानात खुरपायलासुद्धा काही नसते. वर्षभरात ज्या वेळी एकदम पैसा लागतो, त्याच वेळी तो नसतो. अर्थशास्त्राच्या सरांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, याला रोखतेचा प्रश्न म्हणतात. नाव मिळाल्याने मला बरे वाटले.

मी घरी हिशेबही मांडला. आम्हांला आठवड्याला दहा रुपयांची तीन पाकिटे लागतात. ५२ आठवड्यांचे झाले १५६० रुपये. पाकीट दामदुपटीने महाग पडत असणार, अशी माझी खात्री होती आणि तसे निघाले असते तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. तसे निघाले नाही. तेवढाच मसाला गेल्या उन्हाळ्याच्या भावाने, खोबरे, लसूण, तेल आणि कांडपाची मजुरी धरून, चौदाशेच्या आसपास पडला असता. फरक दीडशे रुपयांचा. परंतु तीस रुपये आठवड्याला देणे आणि चौदाशे रुपये एप्रिलमध्ये एकदम मोजणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पाकीट उधारीवर मिळते. बाजारात सौद्याला उधारी कोण देतो? आणि चवीचे म्हणाल तर आई पाकिटातली पूड आमटीत घालते, चाखते, आणखी घालते आणि मग काही न बोलता ताटे वाढते.

यावर कुणी म्हणेल, पूर्वी गरीब नव्हते काय? त्यांच्या घरी तर मसाला होता! होता. हे मी माझ्या आजीलाच विचारले. ती म्हणाली, “आम्ही मिरच्या तोडायला जायचो, तर मजुरी मिरच्यांतच मिळायची. शेंगांना गेलो तर शेंगा.” म्हणजे जिन्नस विकत आणायचा प्रश्नच नव्हता, तो घामाबरोबर घरी येत होता. आईला मजुरी रोख मिळते, आणि रोख पैसा दवाखान्याला, माझ्या फीला, एस. टी. च्या पासाला आधी जातो. यावरून जुना काळ चांगला होता असे कृपा करून कुणी काढू नये. आजीनेच पुढे सांगितले की, वाट्याला यायची ती बहुधा फटकी, पांढुरकी मिरची. लाल होती ती मालकाच्या वाड्यावर जायची. ते परत यावे असे मला मुळीच वाटत नाही.

अलीकडे पुण्या-मुंबईच्या दुकानांतून काचेच्या बरणीत ‘गावरान’, ‘हातकांडप’ असे लिहिलेले मसाले मांडलेले असतात. माझ्या मामेबहिणीने एका बरणीचा फोटो पाठवला होता. किंमत वाचून आई हसली आणि म्हणाली, “यातल्या देठांचे कुणाला किती मिळाले असतील गं?” अशा बरण्या विकल्या जाऊ नयेत असे मी म्हणणार नाही. बचत गटांच्या बायका शहरातल्या प्रदर्शनांत मसाले विकतात, चार पैसे घरी आणतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्या गटाला मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी पन्नास किलो मिरची एकदम घेता येते, त्या गटाने आपल्या सभासदांच्या घरासाठी दहा किलो अधिक घ्यायला काय हरकत आहे? गटाच्या कर्जाच्या कारणांत शेळी असते, शिलाई यंत्र असते. वर्षाचा मसाला नसतो. त्यातून उत्पन्न होत नाही म्हणून. पण वर्षभर घरात काय खाल्ले जाते, हा उत्पन्नाइतकाच विचार करण्याजोगा विषय नव्हे काय?

आमच्या आळीत सहाजणींनी कुणाची वाट न पाहता एक प्रयोग केला. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या दिवाळीनंतर दर आठवड्याला पन्नास रुपयांची भिशी धरली. एरवी भिशी आळीपाळीने उचलतात. ही चैत्रापर्यंत कुणी उचलायची नाही असे ठरले. मधे दोघींची घरची अडचण निघाली, शब्दाला शब्द लागला, तरी डबा फुटला नाही. बावीस आठवड्यांत प्रत्येकीचे अकराशे जमले. ब्याडगी जास्त घेतली, थोडी लवंगी, आणि आईच्या हट्टाखातर संकेश्वरी, तीही सहा घरांत मिळून अर्धा किलो. देठ आम्हीच खुडले. परतायला एकीची मोठी कढई आणि दुसरीची चूल. गिरणीत आमचा नंबर रात्री नऊला लागला. वहीत आमचे नाव मीच लिहिले, आणि मालकांनी नेहमीचीच मजुरी घेतली, एक पैसा कमी नाही!

प्रत्येकीला दोन किलोच्या आसपास मसाला आला. वर्ष काही निघाले नाही, डिसेंबरात बरणीचा तळ दिसला आणि आता पुन्हा पाकिटे सुरू आहेत. शिवाय श्रावणात मसाल्याचे गोळे होऊ लागले, कारण घाईत लसूण ओलसरच कांडला गेला होता. ओट्यावरच्या त्या आजींना हे सांगितले तर त्या आईवरच रागावल्या, “इतकी वर्षं बघतेस आणि एवढं कळलं नाही?” यंदा भिशी साठ रुपयांची केली आहे, आणि लसणाला दोन उन्हे जास्त द्यायची असे ठरले आहे.