कुंड्यांचा हंगाम दसऱ्यानंतर

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकांत गर्दी उसळते आणि पुण्या-नाशकाकडच्या गॅलऱ्या जूनमध्येच भरून जातात. मोठ्या झाडांना, वेलांना ही वेळ मानवते. पालेभाज्या आणि कोरफडीसारखी मांसल पानांची झाडे यांना मात्र ती घातक आहे. ढगाळ, दमट हवेत कोथिंबिरीची कोवळी रोपे मर लागून कोलमडतात आणि सततच्या ओलीने मांसल झाडे मुळापासून कुजतात. पाऊस परतला, ऊन स्वच्छ झाले, रात्री गार होऊ लागल्या की या दोन्हींचे दिवस येतात. शेतकरी तेव्हाच रब्बीला लागतो. गॅलरीतल्या बागेनेही तेच पंचांग पाळावे असे मला ठामपणे वाटते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात रोपे जगतील का, ही शंका रास्त आहे. म्हणून सगळे एकदम पेरू नये. मेथी, मुळा, लाल माठ उकाडा सोसतात. मेथी तर चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात खुडता येते. कोबी-फ्लॉवरची रोपे सावलीत तयार करून चार-पाच आठवड्यांनी हलवावीत. मटार आणि पालक नोव्हेंबरवर सोडावेत, कारण उष्म्यात पालक पाने धरण्याऐवजी लवकर फुलोऱ्यावर जातो. बाजारात जुडी स्वस्त असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. पैसे वाचतात असा दावा मी करणार नाही. पण खुडल्यावर पंधरा मिनिटांत कढईत पडलेल्या मेथीची चव बाजारातून आणता येत नाही, आणि मुळ्याला शेंगा येईपर्यंत तो कुंडीत ठेवण्याची मुभा फक्त पिकवणाऱ्यालाच असते.

पाण्याचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण उन्हाळ्यातली टंचाई आपण दरवर्षी पाहतो. भाजीच्या जोडीला मांसल झाडे लावावीत हा माझा आग्रह त्यासाठीच आहे. मांसल झाडे पानांची रंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे बाष्प कमी उडते. थंडीत माती पूर्ण सुकल्यावरच पाणी दिले तरी त्यांचे भागते, अडेनियमला तर त्याहूनही कमी. ज्या गॅलरीत वीस कुंड्या आहेत तिथे पाच-सहा भाजीला देऊन बाकीच्या मांसल झाडांना दिल्या, तर डाळ-तांदूळ धुतलेले पाणी भाजीच्या कुंड्यांना बरेचसे पुरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजीच्या कुंड्या रिकाम्या होतात आणि ऐन टंचाईत पाणी मागणारे फारसे काही उरत नाही.

ही मांसल झाडे म्हणजे परदेशी फॅशन आहे, असे म्हणणाऱ्यांचे अर्धे खरे आहे. फड्या निवडुंगसुद्धा मुळात अमेरिकेचा. पण शिंदळ माकुडी ही सह्याद्रीची स्वतःची मांसल वनस्पती आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून शास्त्रज्ञांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात आढळत नाही आणि आज दुर्मीळ झाली आहे. ती फांदीच्या तुकड्यावरून लागते, तेव्हा रोपवाटिकेत वाढवलेले रोप मिळाले तर जरूर लावावे. गडाच्या कड्यावरून मात्र एक काडीही उपटून आणू नये.