बांबू जवळ, लोखंडही जवळ. तरी बाण म्हैसूरचा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात बांबू अमाप. लोहारा, देवळगाव, सुरजागड येथील डोंगरांत लोहखनिजही विपुल, आणि मातीच्या भट्टीत लोणारी कोळशावर लोखंड गाळण्याची विद्या इथे जुनी. म्हणूनच ‘चांद्याच्या लोखंडाचे बाण’ ही कल्पना मोहक वाटते. पुराव्यावाचून तिला इतिहास म्हणणे गैर. तिच्यातून निघणारा प्रश्न मात्र मोलाचा आहे: बाणाची नळी कशाची असावी?

(इथला बाण धनुष्याचा नव्हे, दारूने उडणारा. बखरी वाचताना अनेकांची इथे फसगत होते.)

नळीत दारू पेटली की वायूचा दाब भिंतीवर पडतो. त्यामुळे वेढ्याच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. बांबूचे तंतू नेमके लांबीने धावतात. त्यामुळे ताण जिथे अधिक, तिथेच तो दुबळा ठरतो आणि उभा चिरतो. बुरूड त्याच्या कामट्या काढतो त्या याच गुणावर. घडीव लोखंड बिडासारखे ठिसूळ नसते. ते अधिक दाब सोसते, म्हणून दारू ठासून भरता येते आणि पल्ला वाढतो. बांबू मात्र हद्दपार झाला नाही. तोल सांभाळणारी काठी होऊन तो नळीला बांधला गेला. गंमत अशी की पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचे कवच पुन्हा तंतूंचेच आहे. फक्त ते तंतू वेढ्याने गुंडाळलेले आहेत.

बाणदार मुघल आणि मराठा फौजांतही होते. लोखंडी नळीचा बाण मोठ्या संख्येने रणात आणला तो हैदरअली आणि टिपू यांनी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याचे नमुने इंग्लंडला गेले. विल्यम काँग्रीव्हने तिथे त्यावरून आपला बाण घडवला. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका पडक्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले.

या यशाचे श्रेय दारूच्या एखाद्या गुप्त कृतीला देण्याची हौस उथळ आहे. एका विहिरीत हजार बाण सापडतात, याचा अर्थ नळ्या मागवणारा, पारखणारा आणि लोहाराला वर्षानुवर्षे दाम मोजणारा दरबार मागे उभा होता. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. लोहाऱ्याचा डोंगर त्यांच्या मुलखात होता. उणीव असलीच तर ती खनिजाची नव्हती.