एक लाख सतरा हजार मतांचं काय?

मा. अध्यक्ष,
भारतीय विधी आयोग, नवी दिल्ली.

महोदय,
एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत भाजपच्या मंगला अंगडी अवघ्या ५,२४० मतांनी निवडून आल्या आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी पडले. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीने पाठिंबा दिलेल्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मतं पडली, म्हणजे विजयाच्या फरकाच्या बावीसपट. लोकसभेत त्या मतांची किंमत शून्य.

मी निपाणीचा, म्हणजे चिक्कोडी मतदारसंघातला. त्या निवडणुकीत मला मत नव्हतं. खानापूरकरांनाही नव्हतं, ते उत्तर कन्नडमध्ये मोडतात. एका जिल्ह्यातली मराठी माणसं अशी तीन मतदारसंघांत वाटली गेली आहेत. समितीतली दुफळी आमची आम्हीच ओढवून घेतली, तिचं खापर पद्धतीवर फोडत नाही. पण ही वाटणी आम्ही केलेली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या श्लेस्विगमधल्या डॅनिश आणि फ्रिसियन अल्पसंख्याकांच्या पक्षाने साधारण ५५ हजार मतांवर बर्लिनला एक खासदार धाडला. तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. त्यासाठी पाच टक्के मतांची अट आहे, पण अशा अल्पसंख्याकांच्या पक्षांना ती माफ आहे. (त्यांची सीमा १९२० मध्ये सार्वमताने ठरली. आमची १९५६ मध्ये ठरली, तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही.)

आपल्या आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात लोकसभेच्या जागा पाव हिश्शाने वाढवून त्या वाढीव जागा यादी पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात पक्षांच्या याद्यांतून भरा, असं सुचवलं होतं. पण देशभरात पाच टक्के मतं नसलेल्या पक्षाला जागाच नको, असंही सोबत म्हटलं. त्या हिशेबात समिती सोडाच, तेव्हाची शिवसेनाही बसली नसती. रोग मतं वाया जाण्याचा आणि औषधही मतं वाया घालवणारं! प्रमाणशीर पद्धत जरूर आणा, पण भाषिक अल्पसंख्याकांच्या पक्षांना ही अट लावू नका.

तोवर निदान पसंतीक्रम तरी द्या. २०२१ मध्ये तो असता तर शेळके यांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीवर खासदार ठरला असता आणि दोन्ही मोठ्या पक्षांना त्यांच्या दारात यावं लागलं असतं. लोकांना जमणार नाही म्हणाल, तर वायव्य पदवीधर मतदारसंघात कर्नाटक विधान परिषदेसाठी आम्ही जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे १, २, ३ लिहितोच. बिडी वळताना पानांचा आणि तंबाखूचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या निपाणीच्या बाईला तेवढं जमणार नाही, असं म्हणायला मी तरी धजावणार नाही.

१९९६ मध्ये समितीने सीमाप्रश्नावर निषेध म्हणून उमेदवारांची रांग लावली आणि बेळगावच्या मतपत्रिकेवर ४५६ नावं आली. त्यानंतर लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली. इतकी माणसं निवडणुकीलाच का वैतागली, हे मात्र आपण अजून आम्हाला विचारलेलं नाही.

आपला,
निपाणीचा एक मतदार