आधी ताट, मग बाटली

जालन्यात ‘वाईन शॉप’ अशी पाटी शोधायला फार हिंडावे लागत नाही. आत जाऊन खरोखरच वाईन मागितली, की मात्र काउंटरवरचा माणूस क्षणभर थबकतो. मग स्टूल ओढतो, वरच्या फळीवर हात घालतो आणि ट्यूबलाइटच्या शेजारी उभी असलेली एक बाटली फडक्याने पुसून पुढे ठेवतो. पाटीवर जिचे नाव, तिलाच दुकानात सर्वांत कमी जागा.

हॉटेलांत चित्र वेगळे नाही. गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये आम्ही मटणाबरोबर रेड वाईन मागवली. कॅप्टनने अदबीने विचारले, “साहेब, सोडा देऊ की पाणी?” ग्लास आला तो कोमट. वाईनला शिरक्याचा वास होता. बाटली आठवड्यापूर्वी कुणासाठी तरी उघडलेली. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता. व्हिस्कीचा पेग कसा भरायचा हे त्याला कुणीतरी शिकवले होते, वाईनचे कुणी शिकवलेच नव्हते. आणि शिकवणारे म्हणजे आपणच, हे मासिक वाचणारे मालक, मॅनेजर आणि दुकानदार.

म्हणून या अंकात एकच गोष्ट सांगायची आहे. परवडणारी, चांगली वाईन आपल्या भागात मिळते. ती कोणत्या जेवणाबरोबर प्यावी हे सांगणारा माणूस मिळत नाही.

आधी पैशाचे बोलू. बाटलीबंद परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क आहे. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, तेव्हा 5 डॉलरच्या वरच्या बाटलीला 100 टक्के आणि 15 डॉलरच्या वरच्या बाटलीला 75 टक्के अशी सुरुवात झाली. त्याखालच्या स्वस्त मालाला सवलत मिळालीच नाही. म्हणजे साधी परदेशी बाटली घेणारा गिऱ्हाईक वाईनपेक्षा कराचेच पैसे जास्त मोजतो. उलट महाराष्ट्राने 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणात राज्यातल्या वायनरींना उत्पादन शुल्कात सवलत दिली. तेवढ्याच पैशात नाशिकची किंवा अकलूजची बाटली घेतली, तर पैसा द्राक्षात जातो. मेन्यू कार्डावर परदेशी नाव असले की हॉटेलचा रुबाब वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

रुबाबाचा हा सोस मात्र आजचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाईन आहे आणि पसंतीचा क्रमही आहे: इटलीची आधी, मग लाओदिकियाची आणि अरबस्तानची. राजासाठी आणखी उंची माल वेगळा. त्या काळी भडोचचा माल पैठण-तेरच्या वाटेला लागायचा. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. आपल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत निघाली आहे. राजाने काय प्यायचे ते वहीत लिहिले आहे. बैलगाडी हाकणाऱ्याने भाकरीबरोबर काय प्यायचे, ते कुणी लिहिले नाही. आपला धंदा त्या दुसऱ्या माणसावर चालतो.

या माणसाला वाईन समजावायला फ्रेंच शब्द लागत नाहीत. चवीचे शब्द त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत. रेड वाईन जिभेला ओढून धरते तो तुरटपणा; जांभूळ खाल्ल्यावर येतो तोच. व्हाइट वाईनचा आंबटपणा मोसंबीचा की कैरीचा, एवढे विचारले तरी पुरे. पातळ वाईन आणि भरदार वाईन यांतला फरक ताक आणि सायीच्या दह्याइतका सोपा आहे. मोसंबीसाठी भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या जिल्ह्यात आंबट-गोडाचा तोल कुणाला शिकवावा लागू नये. ‘वाईन म्हणजे गोड पोर्ट’ अशी समजूत घेऊन बरेच जण येतात. त्यांना हसू नका. गोडाची सवय असलेल्याला एकदम कोरडी रेड देण्यापेक्षा किंचित गोडसर शेनिन ब्लाँ द्या. तो पुन्हा येईल.

आता ताटाकडे वळू. आपले जेवण तिखट आहे, आणि इथेच बहुतेक शिफारशी फसतात. तिखटामुळे दारूची आग आणि रेड वाईनचा तुरटपणा दोन्ही वाढतात. ठेच्याबरोबर जड रेड दिली, तर गिऱ्हाईक दोन्हींना नावे ठेवील. तिखटाला हवा थंडपणा आणि गोडाचा हलका स्पर्श. सुकटीची चटणी, झणझणीत रस्सा, तंदूरची तिखट कोंबडी यांच्याबरोबर थंडगार शेनिन ब्लाँ किंवा रोझे द्यावी. सुलाने 2000 साली पहिल्यांदा बाजारात आणलेल्या वाईनमध्ये शेनिन ब्लाँ होती, आणि आज ही जात बहुतेक वायनरींकडे परवडणाऱ्या दरात आहे. आपल्या जेवणाला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही.

दुसरा नियम आंबटाचा. वाईन पदार्थापेक्षा कमी आंबट असेल, तर ती पाण्यासारखी लागते. चिंचेची आमटी, कैरीची चटणी, लिंबू पिळलेला कबाब यांना सोव्हिन्यों ब्लाँसारखी चटकदार आंबट वाईन पेलते. तिसरा नियम तेलाचा. काळ्या मसाल्याचे, तर्रीचे पण तिखटाला बेताचे मटण असेल, तर शिराझ खुलते. चरबीपुढे तिचा तुरटपणा नरम पडतो. अकलूजची सँजिओव्हेसे किंचित आंबट आणि मध्यम भरणीची असते. भरल्या वांग्याबरोबर आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चालवून पाहा. पुरणपोळीबरोबर मात्र कोरडी वाईन देऊ नका, ती आंबटढाण लागते. हिवाळ्यात हुरड्याची थाळी ठेवणाऱ्यांनी गोडसर हुरडा, लसणाची चटणी आणि दही यांच्याबरोबर स्पार्कलिंग वाईनचा एक ग्लास सुचवून पाहावा.

या सगळ्यावर पाणी पडते ते साठवणीत. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी, असे पुस्तकांत असते. ती रूम युरोपातली, 16 ते 18 अंशांची. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा रेडसुद्धा फ्रिजमधूनच काढायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी ओतायची. व्हाइट आणि रोझे 8 ते 10 अंशांवर ठेवा. कॉर्कची बाटली आडवी ठेवली, की कॉर्क ओला राहतो. स्क्रू कॅपची उभी राहिली तरी चालते. भट्टीमागच्या कोठीत बाटल्या ठेवायच्या असतील, तर घेऊच नका. एका जुन्या फ्रिजचा खर्च हा वाईनच्या धंद्यातला सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

ग्लासाचा हिशेबही सोपा आहे. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच ग्लास बसतात. ग्लासावर विक्री केली, तर नवखा गिऱ्हाईक धाडस करतो. मात्र बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तिसऱ्या दिवसानंतर उरलेली वाईन स्वयंपाकघरात पाठवा. खप कमी असेल, तर 375 मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्या मागवा.

एक प्रश्न हमखास येतो: कडवंचीत एवढी द्राक्षे, मग आपल्या जिल्ह्याची वाईन का नाही? पाणलोटाचे काम आणि शेततळी यांच्या बळावर 2012 च्या दुष्काळातही बागा तगवणाऱ्या त्या गावाचा सर्वांनाच अभिमान आहे. पण तिथली द्राक्षे खाण्याची. त्यांना मोठा मणी, पातळ साल हवी आणि बी नको. वाईनला लहान मणी, जाड साल आणि बी असलेली जात लागते. वेलीवर मालही कमी धरावा लागतो. तेव्हा गिऱ्हाइकाला खूश करायला ‘ही आपल्याकडचीच’ असे सांगू नका. खरे सांगितलेले त्याच्या लक्षात राहते.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मान्यता दिली, विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात विरोधकांनी विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे: वाईनच्या नावाखाली पिण्याची सवय वाढवायची आहे का? आपले उत्तर वागण्यातून दिसले पाहिजे. जो पीत नाही त्याला आग्रह नाही, वयाची आणि परवान्याची अट पाळायची, गाडी चालवणाऱ्यासमोर ताकाचा पेला ठेवायचा. दोन ग्लास जेवणाबरोबर घेऊन उठणारा गिऱ्हाईक आपल्याला हवा आहे, रिकाम्या पोटी बाटली संपवणारा नको.

या महिन्यात एवढे करा. तीनच बाटल्या निवडा: एक शेनिन, एक रोझे, एक शिराझ. दुपारच्या निवांत वेळेत कॅप्टन, आचारी आणि स्वतः मालक असे बसा. आपल्याच भटारखान्यातले सहा पदार्थ समोर घ्या आणि पिणाऱ्यांनी घोट-घोट चव घेऊन पाहा. जे जुळले, ते मेन्यू कार्डावर त्या पदार्थाखाली मराठीत एका ओळीत लिहा. पुढच्या वेळी कुणी मटणाबरोबर रेड मागितली, तर कॅप्टनने सोडा की पाणी असे विचारू नये. “मटण किती तिखट करू?” असे विचारावे.