उजाडलें कोण?

ब्रातिस्लाव्हास असलेल्या नातवानें एक स्लोव्हाक वाक्य कळविलें आहे : ‘उझ् मि स्विता’. म्हणजे, ‘आतां मला उजाडतें’. एखादी गोष्ट ध्यानांत येऊं लागली कीं तिकडे असें म्हणतात.

यांतील ‘मि’ हा चतुर्थीचा, आपल्या ‘मे’चा सोयरा, तोही ‘मे’प्रमाणें वाक्यारंभीं येत नाहीं. ‘स्विता’ हें ‘श्वेत’ शब्दाच्या कुळांतलें. त्याच कुळांतील ‘स्वेत’ म्हणजे जग : उजेडांत दिसतें तें.

क्रियेला कर्ता मात्र नाहीं. भूतकाळीं ‘स्वितालो’, नपुंसकलिंगी एकवचन. हुबेहुब आपलें ‘उजाडलें’! हाच भावकर्तृक प्रयोग.

हा प्रयोग मीं ४० वर्षें शिकविला. एकदां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, उजाडलें कोण?” उद्धट समजून मीं त्याला बाकावर उभें केलें. वस्तुतः व्याकरणाचें मर्म त्यानेंच विचारलें होतें. उजाडणारा निराळा कोणी नसतो; उजाडण्याची क्रिया हाच तेथें कर्ता. हें त्याला तेव्हां समजावून देणें माझें काम होतें.

तो आज कोठें असेल, ठाऊक नाहीं. भेटला तर एवढेंच सांगेन : बाळ, उझ् मि स्विता.