कोरियन भाषेचा ओनामा

परभाषा शिकण्याची हौस महाराष्ट्रास नवी नाहीं. एके काळीं दफ्तरासाठीं फारसी शिकली गेली. पुढें नोकरीसाठीं आणि ज्ञानासाठीं इंग्रजी आली. जर्मन व फ्रेंच शिकणारेही पुण्यामुंबईस कित्येक वर्षें आहेत. आतां त्या मालिकेंत कोरियन भाषेचें नांव ऐकूं येऊं लागलें आहे. घरांतील मुलगी जेवणें आटोपल्यावर कोरियन नाट्यमालिका पाहते, मुलगा त्या देशाचीं गाणीं गुणगुणतो; रांजणगांवास कोरियन कारखाना आहे; आणि २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें माध्यमिक शाळेंत शिकवितां येण्याजोग्या परभाषांत कोरियनचा नामनिर्देश केला आहे. तेव्हां ही भाषा शिकूं इच्छिणारानें पहिलें पाऊल कोणतें टाकावें, हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिलेला नसून आपल्या माजघरांतला झाला आहे.

तो प्रश्न बहुधा असा विचारला जातो : आधीं त्या लोकांची लिपि शिकावी, कीं लिपीच्या भानगडींत न पडतां चार वाक्यें बोलावयास लागावें? लिपि नको म्हणणाऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. मूल आईच्या मांडीवर बोलावयास शिकतें, तेव्हां तें कोठें अक्षरें गिरवीत असतें? कान हाच भाषेचा आद्यगुरु, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु आमचें म्हणणें असें कीं, जो आपण लिपीवांचून शिकत आहों असें समजतो, तो बहुधा लिपीवांचून शिकतच नसतो. तो दुसऱ्याच कोणत्या तरी लिपींतून शिकत असतो. त्याची वही उघडून पाहावी. तींत रोमन अक्षरें तरी असतात किंवा आपलीं नागरी तरी. खरी फसगत होते ती या उसन्या लिपीमुळें.

हें पटण्यासाठीं आपल्याच भाषेकडे पाहावें. एखादा इंग्रज केवळ रोमन अक्षरांवरून मराठी शिकला, तर त्याच्या लेखीं 'त' आणि 'ट', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' यांत भेदच उरत नाहीं. त्याला 'तात' आणि 'ताट' एकाच पंक्तीस बसवावे लागतात! त्याचा कान बहिरा असतो असें नव्हे. ऐकलेला भेद टिपून ठेवावयास त्याच्यापाशीं अक्षरच नसतें, आणि जो भेद लिहिला जात नाहीं तो कांहीं दिवसांनीं ऐकूंही येईनासा होतो.

कोरियन शिकतांना नेमका हाच प्रकार आपल्यावर उलटतो. आपल्या वर्गांत क, ख, ग, घ अशीं चार स्पर्शव्यंजनें. कोरियनमध्यें त्या जागीं तीन, आणि तीं आपल्या चारांशीं एकास एक जुळत नाहींत. एक मऊ, दुसरें महाप्राण, आणि तिसरें घसा आवळून ताणानें उच्चारलेलें. चंद्र, मुखवटा आणि मुलगी या अर्थांचे तीन कोरियन शब्द केवळ पहिल्या व्यंजनानें भिन्न आहेत. मुखवट्यास 'थाल' म्हणतां येईल. मुलीस, जीभ जरा आवळून, 'ताल' म्हटल्यास फारसें बिघडत नाहीं. पण चंद्राचें काय करावें? रोमन लेखन पाहून आपण 'दाल' म्हणतों. परंतु शब्दाच्या आरंभीं आपला घोष 'द' कोरियन मनुष्य उच्चारीतच नाहीं. आजच्या सेऊलमधील तरुण पिढीच्या तोंडीं तर चंद्र आणि मुखवटा यांतील भेद मुख्यतः सुराच्या उंचसखलपणावरून ओळखावा लागतो. मुखवटा वरच्या सुरांत, चंद्र खालच्या. हा भेद कोणत्या काना-मात्रेनें दाखवावयाचा?

शिवाय एकच अक्षर, जागा बदलतांच, आपल्या कानास निराळें लागतें. 'पतिपत्नी' या अर्थाचा त्यांचा शब्द आपणांस 'पुबू' असा ऐकूं येतो. कोरियन मनुष्य मात्र दोन्ही ठिकाणीं एकच अक्षर लिहितो आणि आपण एकच वर्ण दोनदां उच्चारला असें मानतो. त्यांच्या एका प्रसिद्ध बंदराचें नांव जुन्या रोमन पद्धतीनें 'पुसान' होतें, तें २००० सालच्या सरकारी पद्धतीनें 'बुसान' झालें. शहर तेंच, तेथील लोकांचा उच्चारही तोच. बदललें तें केवळ परकें लेखन. 'पार्क' हें आडनांव आपण वर्तमानपत्रांत नेहमीं वाचतों. त्यांतील रकार कोरियन भाषेंत मुळीं नाहींच, तो रोमन लेखनानें घुसडलेला आहे. या लेखांत आम्हांसही नाइलाजानें सर्व शब्द नागरींतच द्यावे लागत आहेत. वाचकांनीं तीं पोथींतलीं वांगीं समजावीं.

आतां ज्या लिपीस नवशिके भितात ती आहे तरी कशी? जगांतील बहुतेक लिप्यांचा कर्ता कोण हें कोणासही सांगतां येत नाहीं. कोरियन लिपीचा कर्ता मात्र ठाऊक आहे. जोसॉन घराण्याच्या सेजोंग राजानें (राज्यकाल १४१८ ते १४५०) ती १४४३ सालीं सिद्ध केली व १४४६ सालीं लोकांपुढें मांडली. तोंवर कोरियांत लिहावयाचें म्हणजे चिनी चित्राक्षरांत. तीं हजारोंनीं शिकावयाचीं, आणि तींही निराळ्याच घडणीच्या भाषेसाठीं बनलेलीं. सामान्य जनांस आपलें मनोगत लिहून कळवितां येत नाहीं, याची खंत वाटून आपण हीं नवीं अक्षरें केलीं, असा हेतु राजानें स्वतः नमूद करून ठेविला आहे. दरबारच्या पंडितांस हें रुचलें नाहीं. चॉय मान्‌री नांवाच्या विद्वानानें १४४४ सालीं राजाकडे विरोधाचा अर्ज केला. चिनी अक्षरें सोडून स्वतःचीं वेगळीं अक्षरें करणें हें रानटी लोकांचें लक्षण, असा त्याचा एक मुद्दा होता. पुढें कित्येक शतकें पंडितमंडळी या लिपीस हलकी लेखीत; बायकांची लिपि म्हणूनही तिची हेटाळणी झाली. आणि खरोखरच, अंतःपुरांतील व घराघरांतील स्त्रियांनीं पत्रें लिहून ती जिवंत ठेविली. १८९४ सालीं सरकारी लेखनांत तिला मानाचें स्थान मिळालें. पण लवकरच देश जपानच्या ताब्यांत गेला. १९४२ सालीं कोरियन भाषेचा कोश रचणाऱ्या मंडळाच्या सभासदांस जपानी सत्तेनें कैद केलें. त्यांपैकीं दोघांनीं कारागृहांतच देह ठेविला. जप्त झालेलें हस्तलिखित १९४५ सालीं सेऊलच्या रेल्वे स्थानकावरील कोठारांत सांपडलें. ज्या अक्षरांसाठीं माणसांनीं प्राण वेंचले, तीं शिकावयास आठवडा लागतो म्हणून टाळणें शोभत नाहीं.

अक्षरांचे आकार कशावरून आले याविषयीं पूर्वीं नाना तर्क चालत. खिडकीच्या जाळीवरून ते सुचले, असेंही कोणी म्हणे. १९४० सालीं १४४६ मधील मूळ स्पष्टीकरणग्रंथाची प्रत हातीं आली आणि उलगडा झाला. 'क'वर्गाचें अक्षर म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेच्या मुळाचें रेखाचित्र : एक काटकोन. 'न' म्हणजे टाळ्यास टेकलेलें जिभेचें टोंक : दुसऱ्या दिशेचा काटकोन. 'म' म्हणजे मुखाचा चौकोन, 'स' म्हणजे दांत, आणि कंठ्य वर्ण म्हणजे कंठाचें वर्तुळ. आपल्या शिक्षाग्रंथांनीं कंठ, तालु, दंत, ओष्ठ अशीं उच्चारस्थानें सांगून वर्णमाला लाविली. सेजोंगनें तीं स्थानें अक्षरांत रेखाटलीं. हें साम्य अगदींच आकस्मिक नाहीं. वर्णांची स्थानवार मांडणी त्यानें चिनी ध्वनिशास्त्रांतून घेतली, आणि बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा त्या शास्त्रावर परिणाम झालेला होता.

आपल्या 'क' आणि 'ख' यांच्या आकारांत कांहींच नातें नाहीं. कोरियनमध्यें मऊ 'क'च्या काटकोनांत एक आडवी रेघ भरली कीं तो महाप्राण होतो, आणि तोच काटकोन दोनदां लिहिला कीं ताणाचा वर्ण होतो. म्हणजे चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांचा जो घोटाळा उसन्या लिपीनें केला, तो हीच लिपि नुसत्या रेघांनीं मिटविते. आज मूळ अक्षरें चोवीस : चौदा व्यंजनें व दहा स्वर. जोडून होणारीं धरलीं तर एकूण चाळीस. तीं ओळीनें न लिहितां एकेक उच्चारखंड एकेका चौकटींत बसवितात. वर-खालीं मात्रा-उकार देणाऱ्या व जोडाक्षरें लिहिणाऱ्या आपणांस यांत नवल वाटूं नये. खंडाच्या आरंभीं नुसता स्वर असेल तर त्यास एका मूक वर्तुळाचें आसन देतात. सावरकरांनीं पुरस्कारिलेल्या 'अ'च्या बाराखडींत 'अ' हा जसा इतर स्वरांस आसन देई, तसेंच हें. तेंच वर्तुळ खंडाच्या शेवटीं आलें कीं 'ङ्' होतें.

येथें कोणी विचारील कीं, अक्षरें शिकलों तरी लिहिल्याप्रमाणें बोलत नाहींत, त्याचें काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर संस्कृत शिकलेल्यांस घरचेंच वाटेल. 'हान्‌गुक्' म्हणजे कोरिया देश, 'माल' म्हणजे बोली. दोन्ही जोडून म्हणतात 'हान्‌गुङ्‌माल'. वाक् आणि मय यांचें वाङ्मय होतें तसाच हा संधि! आभार मानतांना 'काम्‌साहाम्‌निदा' म्हणतात; लिहितांना मात्र 'म्'च्या जागीं 'प्' असतो. लेखनांत मूळ शब्द शाबूत राहतो आणि उच्चारांत संधि होतो. केवळ कानावर विसंबणारास 'हान्‌गुङ्‌'मध्यें 'हान्‌गुक्' दिसत नाहीं; अक्षर ओळखणारास तो दिसतो.

व्याकरणाविषयीं मराठी माणसानें भिण्याचें कारण नाहीं. 'चॉनुन् हाक्‌क्योए काम्‌निदा' म्हणजे 'मी शाळेला जातों'. कर्ता आधीं, क्रियापद शेवटीं, आणि शाळेस जोडलेला प्रत्यय आपल्या 'ला'सारखाच मागून येतो. उलट आपलें 'जातों-जातें' हें लिंगाचें झंझट तेथें नाहीं. मात्र आदराची बाजू फार सांभाळावी लागते. आपले 'तूं', 'तुम्ही' आणि 'आपण' त्यांच्या क्रियापदाच्या शेवटांत भरलेले असतात. नाट्यमालिकांतून उचललेलें बोलणें बहुधा मित्रामित्रांतलें असतें. तें वडीलधाऱ्यांपुढें वापरणें म्हणजे गुरुजींस अरेतुरे करणें होय. समवयस्क मित्रास 'आन्‌न्यॉङ्' चालेल. वडिलांस 'आन्‌न्यॉङ्‌हासेयो' असेंच म्हटलें पाहिजे.

मग करावें कसें? आमची सूचना अशी. पहिला आठवडा केवळ कानाचा : कोरियन माणसाच्या आवाजांतील दहा-वीस सोपीं वाक्यें ऐकावीं, मोठ्यानें म्हणावीं, आणि कोणत्याही लिपींत मुळींच लिहूं नयेत. त्यानंतरचे दहा दिवस अक्षरांचे : रोज चार. चाळीस अक्षरें त्यांत पुरीं होतात. सेजोंगच्या पंडितांनीं म्हटलें होतें कीं, शहाण्यास हीं अक्षरें एका सकाळीं येतील आणि मंदास दहा दिवसांत. आम्ही दुसरी मुदत धरली आहे, म्हणजे कोणाचीच निराशा होणार नाहीं. मग पाठ केलेलीं तींच वाक्यें त्या अक्षरांत उतरून काढावीं. चार दिवसांच्या प्रवाशानें वाटल्यास नागरी चिठ्ठी खिशांत ठेवावी. परंतु ज्या मुलामुलीस त्या देशीं शिकावयास अगर नोकरीस जावयाचें आहे, तिनें किंवा त्यानें रोमन वही आजच मिटावी. परीक्षेची प्रश्नपत्रिका कोरियन अक्षरांतच असते. आणि परक्या गांवीं एकटें असतां, रात्रीं ताप भरल्यावर, औषधाच्या पुडीवरील सूचनाही त्याच अक्षरांत वाचाव्या लागतात. त्या वेळीं शंभर पाठ वाक्यांपेक्षां चाळीस अक्षरें अधिक उपयोगीं पडतात.

पाटीवर आधीं दोन काटकोन, एक चौकोन आणि एक वर्तुळ काढावें. पहिल्या दिवसाचीं चार अक्षरें झालीं.