विश्लेषण : खान्देशी पापड-बिबड्यांना हक्काची बाजारपेठ कशी मिळेल? नवे मॉल बांधण्याआधी जळगावचे गाळे काय सांगतात?

राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये दहा जिल्ह्यांत ‘उमेद मॉल’ उभारण्यास मंजुरी दिली. महिला बचतगटांच्या मालाला बाराही महिने विक्रीची जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. खान्देशात अशा बाजाराची गरज जुनी आहे. मात्र सरकारी जागेत दुकाने बांधून ती छोट्या व्यावसायिकांना देण्याचा अनुभवही येथे जुना आहे आणि तो फारसा गोड नाही.

मागणी नेमकी काय आहे?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत चैत्र-वैशाख म्हणजे गच्चीवरचे दिवस. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर बिबडे थापायचे. पाठोपाठ उडदाचे पापड, कुरडया, शेवया. पूर्वी हे काम घरापुरते आणि शेजारणींच्या मदतीने होत असे. आता निम्म्या घरांत सून नोकरीला जाते, त्यामुळे तेच काम मजुरीवर किंवा किलोच्या भावाने करून घेतले जाते. बचतगटांचा खरा हंगाम हाच. याशिवाय खापरावरचे मांडे, कळण्याच्या भाकरीचे पीठ, शेवभाजीचा मसाला, हिवाळ्यात भरीत असा माल आहेच. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन पिकाला असते. ते वांगे काट्यांवर भाजून, बडगीत कुटून भरीत करून विकणाऱ्या बाईला त्यातून आपोआप काही मिळत नाही.

ग्राहकही आहे. नोकरी-धंद्यानिमित्त पुणे, नाशिकला गेलेली खान्देशी कुटुंबे सुट्टीला गावी येतात आणि जाताना पापडाचे डबे नेतात. सुरतेच्या उधना, लिंबायत भागात तर अहिराणी बोलणारी अख्खी वस्ती आहे. आज हा व्यवहार नात्यागोत्यातून, फोनवरून आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीतून चालतो. ज्याची मावशी जळगावात नाही, त्याने माल कुठून घ्यायचा, याला ठोस उत्तर नाही.

महोत्सव आहेत, मग अडचण काय?

जळगावात हिवाळ्यात भरणारा बहिणाबाई महोत्सव बचतगटांच्या स्टॉलमुळे गाजतो. भरीत आणि मांड्यांसमोर रांगा लागतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’मध्येही खान्देशी गट जातात. विक्री चांगली होते, यात वाद नाही. पण महोत्सव काही दिवसांचा. ज्या ग्राहकाला पापड आवडला, त्याला पुढच्या महिन्यात तोच पापड कुठे मिळेल? पाकिटावर मोबाइल क्रमांक असतो. फोन लागला तर कुरिअरचा खर्च मालाच्या किमतीला भिडतो. शिवाय महोत्सवाच्या अंदाजाने केलेला माल उरला, तर तो परत नेण्याचा भुर्दंड गटाचाच. कायम जागेची मागणी येते ती इथून.

इतरत्र असे बाजार कसे उभे राहिले?

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतून आलेल्या समाजाचा अनुभव येथे उपयोगी पडतो. गावाकडची चव, ती जपणारा ग्राहक आणि भांडवल नसलेला विक्रेता, हे समीकरण आपल्यासारखेच आहे. मिनियापोलिस शहरात १९९९ मध्ये ‘मर्काडो सेंट्रल’ सुरू झाले. तेथे दुकानदारच सहकारी संस्थेचे सभासद आहेत. सहकार महाराष्ट्राला नवा नाही. पण आपल्याकडे तो साखर, दूध आणि पतपेढीपाशी थांबला, किरकोळ बाजारात फारसा शिरला नाही. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात २०१५ मध्ये जुन्या मोटारींच्या विक्रीतळावर असाच बाजार उभा राहिला. आत छोटी दुकाने, बाहेर आवारात खाद्यगाड्या आणि तासांवर भाड्याने मिळणारे परवानाधारक सामायिक स्वयंपाकघर. ज्या बाईला दुकान परवडत नाही, ती आधी नुसते स्वयंपाकघर वापरते, मग गाडी लावते, जमले तर दुकान घेते. जानेवारी २०२४ मध्ये तेथील मुख्य इमारतीला आग लागली, तेव्हा आवारातल्या गाड्याच पुन्हा सुरू होऊ शकल्या. सगळा पैसा भिंतींत घातला नव्हता, हे तेव्हा कामी आले.

जळगावच्या गाळ्यांचे काय झाले?

जळगावात महात्मा फुले मार्केट, गोलाणी मार्केट अशी पालिकेची व्यापारी संकुले आहेत. पालिकेने गाळे बांधायचे, ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे आणि त्या उत्पन्नातून शहर चालवायचे, अशी ही रचना. त्या काळात ती धाडसी आणि शहाणपणाची होती. आजचे बाजारपेठेचे जळगाव बऱ्याच अंशी तिनेच घडवले. मात्र २०१२ मध्ये दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या करारांची मुदत संपली आणि घोळ सुरू झाला. नवे भाडे बाजारभावाला जोडायचे की जुन्या दराच्या आसपास ठेवायचे? मधल्या काळाची थकबाकी कशी मोजायची, दंड किती? गाळे मूळ धारकाकडेच राहतील की लिलाव होईल? प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. निवडणुका आल्या-गेल्या, गाळेधारकांचे मोर्चे निघाले, राज्याला भाडेपट्ट्याचे नियम बदलावे लागले. पालिकेच्या तिजोरीत पैसा नाही आणि गाळेधारकाला झोप नाही, अशी वर्षे गेली.

या वादात बाजू घेणे सोपे आहे. दुकान आपलेच असल्यासारखे मानणारा गाळेधारक खलनायक ठरवता येतो किंवा भाडे एकदम वाढवणारी पालिका. पण दोष कराराच्या घडणीत होता. दीर्घ मुदतीत भाडे जवळपास गोठलेले राहिले आणि मुदतीअखेर काय होणार, हे पुरेसे स्पष्ट ठरलेले नव्हते. जागेचा भाव वाढत गेला तसा गाळा विक्रीचे साधन न राहता मालमत्ता झाला. अशा गाळ्यात नवा, गरीब विक्रेता शिरू शकत नाही. बचतगटांचे मॉल याच साच्यात ओतले, तर काही वर्षांनी पाटीवर गटाचे नाव आणि गल्ल्यावर दुसराच माणूस, हे चित्र दिसायला वेळ लागणार नाही.

धुळ्याचा धडा वेगळा का?

धुळे शहराचा व्यापारी गाभा मुळात सवलतीवर वसलेला आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खान्देशचे मुख्य ठाणे केले, तेव्हा ते लहानसे गाव होते. व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, बांधकामाला उचल दिली गेली. दोनशे वर्षांनंतर त्याच शहरात आग्रा रोड आणि पाच कंदील परिसरात हातगाडीवाला रोज अतिक्रमण पथकाची गाडी कुठून येते, याकडे डोळे लावून बसतो.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला, असे तो सांगतो. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती; त्या हिशेबाने कमाल मर्यादा नऊ हजार विक्रेत्यांच्या वर जाते. पीएम स्वनिधीतून पहिले कर्ज १५ हजार, मग २५ आणि ५० हजार मिळते. योजना मार्च २०३० पर्यंत आहे. भांडवलाची वाट अशी थोडी मोकळी झाली. जागेची झालेली नाही. कर्ज घेऊन भरलेली गाडीच उचलली गेली, तर हप्ता कशातून भरायचा?

हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. समजा मॉलमधल्या गाळ्याचे भाडे महिना ६ हजार, वीज-सफाई १ हजार आणि विक्रीला बसणाऱ्या मुलीचा पगार ८ हजार. एकूण १५ हजार. पापडावर किलोमागे ७५ रुपये सुटत असतील, तर नुसता खर्च भरून काढायला महिन्याला २०० किलो माल विकावा लागेल. उन्हाळ्यात ते जमेल. श्रावणात, ढगाळ हवेत वाळवण बंद असताना कसे जमणार? तोच गाळा आठ गटांनी मिळून घेतला, तर प्रत्येकीच्या वाट्याला २५ किलो येतात. गट चालवणाऱ्या बहुतेक बाया शेतात किंवा घरात राबतात. दिवसभर गल्ल्यावर बसायला त्यांना सवड नाही. भाडे कमी ठेवले तरी हा वेळेचा खर्च सुटत नाही, आणि नेमका तोच योजनेच्या कागदावर दिसत नाही.

मग रचना कशी हवी?

आमच्या मते मॉलमधली निम्मी जागा तरी गाळ्यांत वाटूच नये. रोजच्या किंवा आठवड्याच्या भाड्याने मिळणारे ओटे ठेवावेत, आठवडे बाजारासारखे. ज्या आठवड्यात माल आहे, त्या आठवड्यात यावे, पावती फाडावी, बसावे. उरलेल्या गाळ्यांचे करार तीन वर्षांचे, भाडेवाढ आधीच लिहिलेली, पोटभाडेकरू सापडला तर करार रद्द. सगळ्यांच्या मालासाठी एक सामायिक काउंटर आणि पगारी विक्रेते असावेत. विक्रीतून ठरावीक टक्के कापून घ्यावेत, म्हणजे श्रावणात माल नसेल तर भाड्याचा बोजाही नाही. सामायिक स्वयंपाकघर, पॅकिंगचे यंत्र आणि अन्नपरवान्याची मदत एकाच आवारात मिळाली, तर घरच्या चुलीवर अडलेले गट पुढे सरकतील.

जागेचा प्रश्न सर्वांत नाजूक. सरकारी जमीन स्वस्त मिळते म्हणून अशी केंद्रे शहराबाहेर जातात आणि तेथे उद्घाटनाच्या दिवशीच गर्दी दिसते. खान्देशी पापडाचा ग्राहक बसस्थानकात आणि रेल्वे स्टेशनवर उतरतो, सुट्टी संपली की तेथूनच परत जातो. बाजार त्याच्या वाटेवर, डबा हातात घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवा. आणि तो होळीच्या आत सुरू व्हायला हवा. पावसाळ्यात फीत कापली, तर गटांना पहिला हंगाम मिळायलाच आठ-नऊ महिने वाट पाहावी लागेल.